मॅनिकिन चालवता येतो, आता सिम्युलेशनने शिकवायला आणखी काय शिकू?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात मॅनिकिन (रुग्णासारखा वागणारा, सरावासाठीचा पुतळा) आला, तो चालवायचं प्रशिक्षणही झालं, मग शिक्षक म्हणून आणखी काय शिकायचं?

डीब्रीफिंग, म्हणजे सरावानंतरची चर्चा घेणं. मॅनिकिनची नाडी वाढवणं-कमी करणं हा सोपा भाग आहे. सिनारिओ, म्हणजे सरावाचा प्रसंग, १०-१५ मिनिटांत संपतो, त्यानंतरची ही चर्चा बहुतेकदा त्याच्या दुप्पट चालते, आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात खरा उजेड पडतो तो तिथेच.

मी वॉर्डात बरीच वर्षं शिकवलं होतं, म्हणून हे आपोआप जमेल असं धरून चालले. सिनारिओत एका विद्यार्थिनीने सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८५ टक्क्यांवर आलं तरी ऑक्सिजन लावला नाही. मी म्हटलं, "ऑक्सिजन आधी लावायला हवा होता, हो ना?" ती "हो मॅडम" म्हणाली. विषय तिथेच मिटला.

डीब्रीफिंगचं प्रशिक्षण घेतल्यानंतर तसाच प्रसंग पुन्हा आला. या वेळी म्हटलं, "आकडा ८५ वर आला आणि तू बोटावरचा प्रोब काढून पुन्हा लावत होतीस. रुग्णाला ऑक्सिजन मिळत नाहीये याची मला काळजी वाटली. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं?" एवढं बोलून गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड जातं, मनात दहा आकडे मोजावे लागतात. मग ती म्हणाली, "बोटं गार असतील, म्हणून आकडा चुकतोय असं वाटलं." म्हणजे ऑक्सिजनचं महत्त्व तिला ठाऊक होतं, रुग्णाचा श्वास बघायचा सोडून ती यंत्राशी झगडत होती. शिकवायचं होतं ते हे! आधी आपल्याला काय दिसलं, काय वाटलं ते सांगायचं आणि मग मनापासून विचारायचं, या पद्धतीला अ‍ॅडव्होकसी-इन्क्वायरी म्हणतात. जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डीब्रीफिंगसाठी ती मांडली.

बोटांवरून आठवलं. प्रीब्रीफिंग, म्हणजे सिनारिओआधी द्यायची माहिती, कधीही गाळू नका. मॅनिकिनचे हातपाय गार पडत नाहीत, मग विद्यार्थ्यांनी ते कोणाला विचारायचं हे आधीच सांगा. इथली चूक या खोलीबाहेर जाणार नाही, हेही सांगा आणि पाळा.

एका सिनारिओला दोन-तीनच उद्दिष्टं ठेवा. एकदा तरी स्वतः विद्यार्थ्यांच्या जागी उभं राहा, सहकारी एकतर्फी आरशामागून बघत असताना हात कसे थरथरतात ते कळेल. विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन पहिल्या काही डीब्रीफिंगचं रेकॉर्डिंग करा आणि एखाद्या अनुभवी सहकाऱ्यासोबत ऐका: तुम्ही किती मिनिटं बोललात आणि मुलं किती?