वाचकांचे प्रश्न : साठीनंतरची सायकल

प्रश्न : वय ६४, वजन ७० किलो, मुक्काम सातारा. रोजचा बाजार, कधीतरी यवतेश्वरचा घाट आणि शेताकडचा मुरमाड रस्ता, एवढा वापर. गुडघा अधूनमधून दुखतो. दुकानदार म्हणतात, पुढे शॉकअप असलेली एमटीबी (डोंगरी रस्त्यांची माउंटन बाइक) घ्या. घ्यावी का?

उत्तर : नको. स्वस्त सायकलींच्या शॉकअपमुळे वजन किलो-दीड किलोने वाढते, चढावर पायडल मारताना ते दबत राहते आणि पावसाळ्यात निगा राखली नाही तर गंजून बसते. मुरमावरचे हादरे रुंद टायरच खातो. साध्या, म्हणजे शॉकअप नसलेल्या चिमट्याची हायब्रिड (रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली) पाहा, पण तिच्यात ४० मिमीचा टायर मावायला हवा. बऱ्याच हायब्रिड ३२-३५ मिमीवर येतात. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिमी मोकळे नसेल, तर चिखल भरून चाक अडते.

गुडघ्याचा खरा संबंध गिअरशी आहे. '२१ गिअर' या आकड्याला भुलू नका. पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा. पुढे २८, मागे ३४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर वेग ताशी साडेसहा किलोमीटर. हळू वाटेल, पण बसल्या बसल्या घाट चढता येतो. पुढे ३८, मागे २८ असतील तर तोच फेरा ३ मीटरचा होतो आणि चढावर सगळा जोर गुडघ्यावर येतो.

सीटची उंची ठरवताना टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखले तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखले तर वर. एका वेळी ५ मिमीच हलवा आणि दोन-तीन फेऱ्या मारून बघा.

आडवी दांडी उतरती असलेली फ्रेम घ्या. कॅरिअरवर भाजीची पिशवी असली की मागून पाय फिरवता येत नाही, पुढूनच काढावा लागतो. दुकानात चढून-उतरून पाहताना मागे काहीतरी बांधायला सांगाच. हँडलखालच्या रिंगा काढू देऊ नका आणि चिमट्याची वर हँडलपर्यंत येणारी नळी कापू देऊ नका. पुढे पाठीसाठी हँडल वर घ्यायचे झाले तर त्या लागतात.

बोटे आखडत असतील तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, नाहीतर केबलचे पुरेत. ते गावातला मिस्त्रीही लावून देतो. डिस्कवर चेनचे तेल उडू देऊ नका, पॅड कायमचे ओरडू लागतात.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. डांबरावर हवेचा दाब पुढे ४०, मागे ४५ पीएसआय ठेवा. मुरमावर दोन्हीकडे ५ कमी. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. पंक्चर काढणाऱ्याला दुसरे छिद्रही शोधायला लावा.

प्रश्न : त्यापेक्षा बॅटरीची घेतली तर?

उत्तर : गुडघा फारच त्रास देत असेल तर जरूर. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण वजन २० किलोच्या पुढे जाते. जिन्यावरून रोज चढवायची असेल तर विचार करा. मोटर मागच्या चाकात असली की पंक्चरसाठी चाक काढताना वायरचा जोड सोडवावा लागतो आणि नटाला पाना लागतो. तो पाना सायकलीबरोबरच मागून घ्या.