व्हिएतनाममध्ये तिथलं खरं खाणं कसं अनुभवावं? आम्ही शाकाहारी आहोत.

हॉटेलचा नाश्ता सोडा आणि सकाळी सातला हनोईच्या जुन्या पेठेत बाहेर पडा. फुटपाथवर बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली असतात, कामावर निघालेली माणसं गुडघे दुमडून वाफाळतं फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्सचं सूप, खात असतात. तिथेच बसा, पण नेहमीच्या फोचा रस्सा मांसाचा असतो, म्हणून शाकाहारी फो मिळतं का ते आधी पाहा.

त्यासाठी ‘चाय’ (chay) हा शब्द पाठ करा. आपला चहा नव्हे, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी! नुसती भाजी मागितलीत तर तिच्यातही माशाचा सॉस असू शकतो, म्हणून पाटीवर हा शब्द शोधाच. जमल्यास पौर्णिमा किंवा अमावास्या साधा. अनेक बौद्ध घरं त्या दिवशी शाकाहार पाळतात, अगदी आपल्या एकादशीसारखा. ‘चाय’ खाणावळींत तेव्हा स्थानिकांचीच गर्दी असते.