टिक भलत्याच ओळीवर का सरकते: म्युटेबल इंडेक्स सेटचा अनुभव

तुम्ही लिहिले आहे की, टिक केलेल्या ओळींचे इंडेक्स (0 पासून मोजलेले क्रमांक) एनएसम्युटेबलइंडेक्ससेटमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या बदलता येणाऱ्या क्रमांक-संचात, ठेवले असता मधली एखादी ओळ डिलीट झाली की कधी टिक नाहीशी होते, कधी वरच्या ओळीवर जाते, आणि प्रोग्रॅम क्रॅश मात्र होत नाही. हे दुखणे मी स्वतः तीन आठवडे सोसले आहे. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, फक्त लक्षणांवरून बोलतो आहे. तेव्हा निदान चुकू शकते.

अ‍ॅरेमधून निवडलेल्या वस्तू काढताना तुम्ही लूप न चालवता रिमूव्हऑब्जेक्ट्सअ‍ॅटइंडेक्सेस ही सगळ्या एकदम काढणारी मेथड वापरत असाल, म्हणजे चूक तिथे नाही, असे धरून चालतो.

माझा मॅकवरचा प्रोग्रॅम बिलांची यादी दाखवत असे. एखादे बिल भरल्याचे सर्व्हरने कळवले की ती ओळ यादीतून जाई आणि खालच्या टिका वर सरकवण्यासाठी मी शिफ्टइंडेक्सेसस्टार्टिंगअ‍ॅटइंडेक्स:बाय: ही मेथड बोलावत असे. ओळ घालताना मी 3 या जागेपासून अधिक 1 देत असे आणि ते बरोबर चाले, म्हणून ओळ काढतानाही बिनदिक्कत 3 पासून उणे 1 दिले. घोडे इथेच पेंड खात होते. डावीकडे सरकवताना ही मेथड दिलेल्या जागेच्या लगेच आधीचे, जितके सरकवायचे तितके इंडेक्स सेटमधून पुसून टाकते. सेटमध्ये 2, 5 आणि 7 असतील आणि 3 क्रमांकाची ओळ गेली असेल, तर हवे असतात 2, 4 आणि 6. माझ्या कॉलने उरत 4 आणि 6. 2 क्रमांकाच्या ओळीचा काहीही दोष नसताना तिची टिक गेली. त्यातून 3 स्वतःच निवडलेला असेल तर अधिकच वाईट, कारण मेलेल्या ओळीची टिक जिवंत 2 वर जाऊन बसते. काढताना सुरुवात काढलेल्या जागेच्या पुढून, म्हणजे 4 पासून, करावी लागते. अ‍ॅपलच्या दस्तऐवजात हे एका वाक्यात लिहिलेले आहे. ते मी वाचले होते, पण त्याचा अर्थ मनावर घेतला नव्हता.

चूक माझीच होती, हे मान्य. तरीही ज्या कार्यालयासाठी हे काम चालले होते, तिथल्या तांत्रिक विभागाने प्रत्येक तक्रारीवर "आमच्याकडे असे घडत नाही" एवढेच उत्तर दिले आणि यादी उघडी असताना बिले भरली जात होती, ही एकच उपयोगी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात, तीही सहज बोलता बोलता, सांगितली. क्रॅश नसल्याने क्रॅश लॉगही नव्हता, त्यामुळे मी इतके दिवस ओळी पडद्यावर रंगवण्याच्या कोडलाच दोष देत बसलो होतो.

माझे मत, आणि ते पटलेच पाहिजे असे नाही: बदलत्या यादीची निवड इंडेक्सच्या रूपात साठवूच नये. बिलांचे ओळख क्रमांक एनएसम्युटेबलसेट या साध्या बदलत्या संचात ठेवावेत आणि इंडेक्स सेट गरज पडेल त्या क्षणी इंडेक्सेसऑफऑब्जेक्ट्सपासिंगटेस्टने, म्हणजे अटीत बसणाऱ्या वस्तूंचे इंडेक्स देणाऱ्या मेथडने, बनवून घ्यावा. इंडेक्स सेट आतून सलग पट्टे साठवतो, म्हणून लाखभर सलग ओळी निवडल्या तरी त्याला जागा नगण्य लागते आणि अशा ठिकाणी तो सोडवत नाही, हेही खरे. तेव्हा मात्र शिफ्टचे आकडे कागदावर मांडून पाहा.

जाता जाता दोन गोष्टी. हा सेट प्रॉपर्टीत कॉपी म्हणून जाहीर करू नका, कारण कॉपीतून न बदलणारा सेट हाती येतो आणि पहिल्याच अ‍ॅडइंडेक्सला अनरेकग्नाइज्ड सिलेक्टरचा (अशी मेथडच नाही, असे सांगणारा) अपवाद फेकला जातो. आणि सेटमधून लूपने फिरताना इंडेक्स साध्या इंटमध्ये (32 बिटच्या पूर्णांकात) घेऊ नका. इंडेक्स संपले हे सांगणारा एनएसनॉटफाउंड 64 बिटवर म्हणजे 9223372036854775807, तो इंटमध्ये कापला जाऊन उणे 1 होतो आणि लूप थांबवणारी तुलना कधीच जुळत नाही.

तुमची शिफ्ट करणारी ओळ आणि त्या वेळी सेटमध्ये असलेले आकडे इथे दिलेत, तर नेमके सांगता येईल.