मिसळीच्या मेनूला हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट कोणता?

नाशिकला मिसळीचं दुकान काढताय, तर इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा ‘कलम’ घ्या. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, व्यवसायासाठीही चालतो. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन जाडींत आहे. अक्षर भरभर पेनाने लिहिल्यासारखं, त्यामुळे ‘तर्री’, ‘जादा पाव’ घरच्यासारखं वाटतं.

पण ‘ल’ आणि ‘श’ आधी टाइप करून बघाच. कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि आपल्या माणसाच्या डोळ्याला ते लगेच खुपतं. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्टमध्ये मराठी वळण येतं.

पाटीवर नाव आणि मेनूतले मथळे ‘कलम’मध्ये करा. दर मात्र साध्या, सरळ फॉन्टमध्ये. गर्दीत उभ्याने वाचायचे असतात ते.