धर्माच्या नावाखाली लहानपणापासून मनात बसवलेली भीती थेरपीने जाते का, आणि त्यासाठी श्रद्धा सोडावी लागते का?

हो, थेरपीने ही भीती बरीच कमी होऊ शकते, आणि श्रद्धा ठेवायची की सोडायची हे पूर्णपणे तुमचं तुम्ही ठरवायचं, चांगला थेरपिस्ट त्यात पडतच नाही. "हे पाप आहे, शिक्षा होणार" हे आता डोक्याला पटत नसलं तरी शरीर ते शिकून बसलेलं असतं, त्यामुळे प्रार्थनेचा आवाज कानावर पडला तरी छातीत धडधडतं, कुणाला साधं नाही म्हटलं तरी अपराधी वाटतं आणि स्वतःला कितीही समजावलं तरी ते थांबत नाही. म्हणून खास ट्रॉमावर (मनावरच्या खोल आघातावर) काम करणारी थेरपी बघा, ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघातातून आलेले विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणी हाताळणारी), दोन्ही पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, नीट अभ्यासलेल्या पद्धती आहेत. धर्मातून आलेल्या अशा त्रासाला 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' हे नाव मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये मांडलं, पण डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तकात) ते वेगळं निदान म्हणून नाहीये, त्यामुळे कागदावर अँग्झायटी (चिंतेचा आजार) किंवा पीटीएसडी लिहिलं तर तुमचा त्रास खोटा ठरवला असं अजिबात समजू नका. पहिल्याच भेटीत विचारा:
- धार्मिक दबावातून आलेल्या लोकांसोबत काम केलंय का?
- मी श्रद्धा ठेवली काय, सोडली काय, दोन्ही चालेल ना?

दुसऱ्या प्रश्नावर उपदेश सुरू झाला तर सरळ दुसरा थेरपिस्ट शोधा. फक्त एक, ज्यांनी त्रास दिला त्यांच्यावरच अजून राहण्या-खाण्यासाठी अवलंबून असाल तर आधी स्वतःच्या सुरक्षिततेचं बघा, जुन्या आठवणी उकरायचं काम त्यानंतर.