जुन्या पीसीतल्या या लांबड्या कार्डाला इंटरनेटची केबल लागेल का?

तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या पीसीत गोल कनेक्टरचं लांबडं कार्ड आहे आणि त्यावर 'इर्मा' छापलंय, असं तुम्ही लिहिलंय. मग इंटरनेटचा नाद सोडा. हे नेटवर्क कार्ड नव्हे, पीसीला मेनफ्रेमचं, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाचं, टर्मिनल (त्याला जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड) बनवणारं कार्ड आहे. १९८२ साली आलं.

१९९४च्या सुमारास मी ठाण्याहून बसने महाप्याला एका कंपनीच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, रात्रपाळीला जायचो. तिथे असे चार पीसी होते. कार्डाची केबल थेट मेनफ्रेमला जात नाही, ३२७४ नावाच्या कंट्रोलरला जाते. एका कंट्रोलरवर ३२पर्यंत टर्मिनलं बसत. आपण आयबीएमचं ३२७८ टर्मिनलच आहोत असं हे कार्ड त्याला भासवतं. पलीकडे पीसी आहे याचा त्याला पत्ताच नसतो. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आहे, त्यामुळे तुम्ही डॉसवर लोटस हा आकडेमोडीचा स्प्रेडशीट प्रोग्राम उघडून बसलात तरी मेनफ्रेमचं सेशन जिवंत राहतं. दोन्ही शिफ्ट एकदम दाबले की इकडून तिकडे. स्क्रीनवरचे आकडे बघून पुन्हा टाइप करायचे कष्ट वाचले, म्हणून तर साहेब लोक या कार्डावर खूश होते.

दाबलेली प्रत्येक की लगेच मेनफ्रेमला जात नाही, हे मला समजायला वेळ लागला. २४ ओळी, ८० रकाने, सगळं इथेच भरायचं. एंटर दाबलं की भरलेली फील्डं एकदम जातात आणि उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद. तळाच्या ओळीत फुली आणि छोटं घड्याळ. भलत्या जागी टाइप केलं तरी कीबोर्ड बंद होतो. पहिल्याच आठवड्यात माझं तसं झालं. मशीन अडकलं समजून मी सरळ बटण बंद केलं, भरलेला स्क्रीन गेला. शेजारचे सीनियर चहाचा घोट घेत म्हणाले, "अरे बाबा, रिसेट दाबायचं असतं."

केबलचं मात्र जपा. याला ९३ ओहमची आरजी-६२ लागते. जुन्या ऑफिस नेटवर्कची ५० ओहमची आरजी-५८ दिसायला तशीच आणि कनेक्टरही तोच, त्यामुळे भले भले फसतात. टीव्हीची ७५ ओहमची, तीही नको.

पण केबल मिळाली तरी कंट्रोलर कुठून आणणार? त्यापेक्षा लॅपटॉपवर हर्क्युलिस हा मेनफ्रेमची नक्कल करणारा मोफत प्रोग्राम टाका, त्यावर एमव्हीएस ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. एक्स३२७० या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने जोडलात की तेच हिरवे स्क्रीन, तेच घड्याळ. कार्ड काढू नका, शोभेला राहू द्या.

आणि भंगारवाल्याकडे परत गेलात तर मेनफ्रेम टर्मिनलचा १२२ कींचा कीबोर्ड दिसतो का बघा. वरच्या बाजूला दोन ओळींत २४ फंक्शन की असतात. आम्ही साध्या कीबोर्डवर स्टिकर चिकटवून दिवस काढले. मिळाला तर इथेच कळवा, पैसे मी देतो.