‘संशोधनात सिद्ध झालंय’ असे मेसेज रोज येतात. खरं काय, हे साध्या माणसाने ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सांगोल्याजवळ तुमची डाळिंबाची बाग आहे. ग्रुपवर रोज कुठलं तरी ‘नवं संशोधन’ येतं आणि डाळिंबाच्या रसाने रक्तवाहिन्या साफ होतात हे वाचून वडील बीपीची गोळी बंद करायचं म्हणतायत. मी सोलापुरात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. संशोधनाचे पेपर शोधून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं. गोळी बंद करू देऊ नका. रस प्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून प्यावा, पण गोळीच्या जागी नाही.

आता तो दावा आला कुठून ते पाहू. तो कुणी मनाने रचलेला नाही. २००४ साली इस्राएलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले १९ रुग्ण त्यात होते. १० जणांनी रोज डाळिंबाचा रस घेतला, ९ जणांनी घेतला नाही. वर्षभरात रस घेणाऱ्यांच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं त्यांनी मांडलं. हा ३० टक्क्यांचा आकडा पुढे अमेरिकेतल्या पॉम वंडरफुल या रस विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींत गेला, आणि अजूनही फिरतोय.

पण २००९ साली अमेरिकेत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. २८९ माणसं, १८ महिने. निम्म्यांना डाळिंबाचा रस, बाकीच्यांना दुसरं पेय, आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. एकूण निकालात दोन्ही गटांत लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही. काही छोट्या उपगटांत थोडा फायदा दिसला, पण माणसं इतक्या तऱ्हांनी विभागली की कुठेतरी फरक दिसतोच, त्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली, २०१३ मध्ये जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीचा दोष कायम ठेवला. कंपनीने संशोधनावर कोट्यवधी डॉलर खर्च केले होते, हे इथे मुद्दाम सांगतो. खर्च मोठा म्हणजे पुरावा पक्का, असं होत नाही.

आपलं डाळिंब यात कुठे कमी पडत नाही. ते उत्तम फळ आहे, २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. औषध म्हणून त्याच्या नावावर जे खपवलं जातं, त्याबद्दल माझं म्हणणं आहे.

आणि बागायतदार म्हणून तुम्हाला हे तपासायची सवय आहेच. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर नवं औषध घेऊन कुणी आला तर तुम्ही विचारता: किती झाडांवर मारलं? किती बहार पाहिले? शेजारची ओळ न फवारता ठेवली होती का? पाऊसच कमी पडला म्हणून रोग आटोक्यात राहिला असेल, तर त्या न फवारलेल्या ओळीशिवाय कळणार कसं? माणसांवरच्या संशोधनालाही नेमके हेच तीन प्रश्न विचारा. त्यात चौथा जोडा: दुसऱ्या कुणी हे पुन्हा करून पाहिलं का? माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि मेसेजमध्ये याचं उत्तर कधीच नसतं.

मानसशास्त्रात याची मोठी तपासणी झाली. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १०० जुने अभ्यास पुन्हा केल्याचे निकाल आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. ऐटीत, हातपाय पसरून बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा दावा २०१० सालचा, ४२ जणांवरचा. पुढे २०० जणांवर तपासल्यावर संप्रेरकांत बदल दिसला नाही. मूळ संशोधकांपैकी एकीने २०१६ मध्ये जाहीर सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल असं म्हणायला धैर्य लागतं, मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो. व्यवसायाच्या क्षेत्रातही तेच: अर्जाच्या सुरुवातीला सही घेतली की माणूस खरी माहिती भरतो, हा २०१२ चा पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातली विम्याची आकडेवारीच बनावट असल्याचं उघड झालं.

एवढं वाचून सगळंच खोटं असं मात्र धरू नका, त्यात जास्त नुकसान आहे. जून २०२० आठवा, कोविडवर जो तो काहीतरी सुचवत होता. तेव्हा ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सहा हजारांहून अधिक रुग्णांवर डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध तपासलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे दोन्ही एकाच अभ्यासातून कळलं. चांगलं संशोधन जीव वाचवतं ते असं.

प्रत्यक्ष करायचं काय? ‘पबमेड’ ही साइट फुकट आहे. तिथे विषय टाकला की पेपरचा सारांश मिळतो. इंग्रजी कच्चं असलं तरी आधी एवढंच शोधा: उंदीर की माणसं, किती, तुलनेला गट होता का, पैसे कुणी दिले. पेपर मागे घेतला असेल तर तसा शिक्का तिथेच दिसतो. औषधाची चाचणी भारतातली असेल तर सी.टी.आर.आय. ही नोंदवही पाहा, २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. काय मोजणार हे आधी लिहिलेलं असतं, नंतर वेगळंच छापलं असेल तर लगेच कळतं.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर भरू नका. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. ओळखीचं कुणी सोलापूर विद्यापीठात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात शिकत असेल तर त्याला सांगा. नाहीतर पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, दोन ओळी लिहून प्रत मागा, बरेच जण आनंदाने पाठवतात.